पेटी ओटीवर आली

या, असे अलीकडे सरका. मृदंगवाल्या बुवांनी घटकाभर हात मांडीवर ठेवावेत. आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचंही नाही. पेणच्या खाडीकाठच्या एका बाईचं आहे. ऐकून घ्या, मग हवं तर पुढचा गजर करू.

कमळकाकी देवळातला हरिपाठ आटोपून सांजेला घरी आली आणि पायरीवरच थबकली. दाराच्या दोन्ही अंगांना दोन कोरी मडकी, त्यांवर पांढऱ्या रंगाची नक्षी, आणि आत मनीप्लँटची वेल.

"हेमाली! ही मडकी कुठशी काढलीस?"

"तुमच्या पडवीतल्या पेटीतून, आई." सून हसतच बाहेर आली. "मस्त दिसतात ना? शेजारच्या नलूकाकी तर तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या."

"त्यो पदर कौतुकाचा नव्हता, पोरी."

हेमाली पनवेलच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पाचवा महिना लागलेला. बाळ यायच्या आत घर मोकळं करायचं तिनं मनावर घेतलं होतं. फोनवरच्या कुणा बाईंचा नियम होता: वर्षभर ज्याला हात लागला नाही, ते घराबाहेर. सोमवारी स्वयंपाकघर झालं, मंगळवारी बाहेरची खोली, बुधवारी कपाटं. काकी हौसेनं तिच्या जोडीला होती. बिनझाकणाचे चाळीस डबे तिनंच काढून दिले. "झाकनं एकाची नि डबं दुसऱ्याचं, कुनाचं कुनाशी जमत नाय," म्हणत. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचे, नामाचे सदरेही तिनंच द्यायच्या ढिगात टाकले. "आंगात घालनारा गेला, तं खुंटीला कनाला तरास?"

राहिली होती पडवी, काकीची खोली. तेवढी हेमालीनं आज एकटीनं उरकली होती.

"आनि पेटीतलं कापड?" काकीनं विचारलं.

"ते पांढरं? फडकी केली त्याची. बारा झाली, बघा ना!"

काकी पायरीवर बसली. "हेमाली, ते मयताचं सामान हाय."

गावाची रीत अशी. कुणाच्या घरी मरण झालं की तिथला एक माणूस काकीच्या अंगणात येऊन उभा राहतो. ओटी चढत नाही. "काकी, सामान," एवढंच म्हणतो. कोण गेलं ते काकी विचारत नाही. कापड, मडकी, सुंभ, गुलाल, कापूर आणि दोन बांबू काढून देते. जाणाऱ्याला "ये" म्हणत नाही. तेरावं झालं की त्या घरचं कुणीतरी तसंच नवं सामान पायरीवर ठेवून मुकाट परत जातं. नामानं सुरू केलेलं हे व्रत तीस वर्षं चाललं होतं.

हेमालीचा हात पोटावर गेला. "माझ्या हातानं मी ते कापलं? आई, अशा दिवसांत हे घरात ठेवलंत तुम्ही?"

हेमालीचा नवरा प्रज्योत बंदरावरची ड्युटी संपवून आला तेव्हा ती रडत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "आये, सकाळी घंटागाडी येल. पेटी जाऊ दे. पेनला फोन केला का अर्ध्या तासात सगला भेटतं आता."

"तुझी आजी, बायजा, गेली तवा बांध फुटला व्हता," काकी म्हणाली. "गावाच्या चारी अंगांना खारा पानी. दीड दिस म्हातारी गोनपाटाखाली पडून व्हती, नि त्याच गोनपाटात तिला नेली. परत येताना तुझा बाप बोलला, या गावात आता कोनी गोनपाटात जानार नाय."

"जुनी गोष्ट झाली ती."

"बांध जुना झाला. पानी नाय जुना झाला."

"पण आई, नियम..." हेमाली पुटपुटली.

"तुझ्या फोनवाल्या बायचाच नियम लाव की! या वरसात पेटीला सहादा हात लागला. तुझी केकची भट्टी कवा उघडलीस?"

प्रज्योतला हसू फुटत होतं. बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"मला भीती वाटते हो," हेमाली म्हणाली.

काकीचा आवाज उतरला. "वाटनारच. पोटात जीव हाय. तुझ्या खोलीच्या भिंतीला लागून नाय ठेवत मी पेटी. पन गावाचा सामान घंटागाडीत जानार नाय. मी हाय तवर नाय."

सकाळी घंटागाडी वाजून गेली. काकी एसटीनं पेणला गेली, कोरं कापड आणि दोन मडकी घेऊन परत निघाली. मांडीवरचं सामान ओळखून शेजारची बाई उठून मागं गेली. "बरा झाला," म्हणत काकी ऐसपैस बसली.

दाराशेजारचं बाकडं ही ओटीवरची तिची जागा. वाल सोलायला, जपाला ती तिथंच बसायची. ते तिनं स्वतःच द्यायच्या ढिगात ओढलं आणि तिथं पेटी आणून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, बिनकुलपाची. बांबू ओटीच्या छपराखाली बांधले.

"लोक काय बोलतील, आये?"

"लोकांचाच हाय ते. लपवून ठेवला, ती माझी चूक."

"आणि तुम्ही बसणार कुठे?" हेमालीनं विचारलं.

"भुई हाय ना."

दारातली मडकी मात्र तिनं हलवू दिली नाहीत. "वेल लागली त्यांना. आता ती जित्यांची."

पाचव्या दिवशी भर दुपारी गावातला गणराज अंगणात येऊन उभा राहिला. पायात चपला नव्हत्या.

"काकी, सामान."

काकीनं कापड दिलं, मडकी दिली. मग छपराकडं पाहिलं. गणराजला ओटी चढता येत नव्हती. प्रज्योत आत होता. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. काकीनं एकदा तिकडं बघितलं, हाक मारली नाही. स्टूल ओढलं, चौसष्टाव्या वर्षी त्यावर चढली आणि गाठी सोडून एकेक बांबू खांद्यावर झेलत उतरवला. खिडकीत हेमाली होती. ती बाहेर आली नाही. तिनं खिडकीही लावली नाही.

गणराज वळणाआड जाईपर्यंत काकी उन्हात अनवाणी उभी होती.

मायबापहो, तुम्हीही कधी घर आवरायला काढाल, नको ते बाहेर टाकाल. अवश्य टाका. फक्त कुठल्या पेटीचं झाकण उघडताना त्या कमळकाकीचं नाव एकदा मनात आणा. एवढंच मागतो.