साचेवाल्या गुणाजीची काठी

मी एक जुनी, तपकिरी, मासे गरवायची काठी आहे. हल्लीच्या दुकानांत माझ्या जातीला स्पिनिंग रॉड म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे! लालबागच्या आमच्या चाळीत मला सगळे ‘गुणाजीची काठी’ म्हणत आणि त्या नावाचा मला फार अभिमान होता. सध्या मी एका दाराशी भंगाराच्या ढिगावर पडून आहे. डोळे मिटले की अजून वरळीचे खडक दिसतात, पाण्यावर हलणारं ऊन दिसतं आणि माझं टोक आपोआप थरथरू लागतं.

माझ्या जन्माची गंमत सांगते, मित्रांनो. काचेचे बारीक तंतू काढतात, त्यांचं कापड विणतात, ते कापड गुंडाळून भट्टीत भाजतात आणि त्यातून माझ्यासारखी काठी होते. म्हणजे मी मुळात कापडच! कदाचित म्हणूनच मला एका विणकराच्या हाती जायचं होतं.

गिरगावात शरच्चंद्रशेठचं अरुंद दुकान होतं. तिथे मी दोन वर्षं कोपऱ्यात उभी होते. माझ्या शेजारी एक सोनेरी, झुळझुळीत काठी होती. येणारा प्रत्येकजण तिलाच हात लावी आणि मी मनातल्या मनात जळफळत असे.

गिरणी संपाचा तो दुसरा श्रावण. एके दुपारी गुणाजी दुकानात आला. तो मूळचा कोकणातला, एका गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. पावणेदोन वर्षं त्याचे हात रिकामे होते. सोबत त्याचा दोस्त उत्तम होता, वरळी कोळीवाड्यातला.

“ही घ्या,” शेठनं सोनेरी काठी पुढे केली. “रुबाब बघा हिचा!”

गुणाजीनं खिशातून कापसाचा बोळा काढला. साच्यांच्या खडखडाटात कानात घालायचा तो बोळा संपातही त्याच्या खिशात असे. त्याचा एक पुंजका ओढून त्यानं सोनेरी काठीच्या कड्यांतून फिरवला. ज्या कड्यांतून दोर धावतो, तीच ही कडी. तिसऱ्या कड्याला कापूस अडकला.

“अहो, मासे पकडायचेत की वाती वळायच्यात?” शेठ हसला.

“कडं फुटलंय, शेठ. डोळ्याला दिसत नाय, कापसाला दिसतं. उद्या ह्यातच दोर कापेल.”

मग त्यानं मला उचललं. पहिलं कडं, दुसरं, तिसरं... अगदी टोकापर्यंत कापूस अलगद निघाला. त्यानं माझं टोक हळूच वाकवलं, सोडलं. सांधा हलवून पाहिला, बुचाची मूठ दाबून पाहिली. देवा, असं कुणी मला कधी पाहिलंच नव्हतं! माझी किंमतही त्याच्या खिशाला झेपणारी होती. उत्तम म्हणाला, “दिसायला काय खास नाय रे ही.” गुणाजी म्हणाला, “नसू दे. टिकेल.”

घरी मात्र माझं स्वागत झालं नाही. त्याची बायको रखमा दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “गणपतीक गावाक जावच्या तिकिटांचे पैसे होते ते. आता ही काठी खावची काय?”

गुणाजी खाली मान घालून म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघ. हिच्यामुळे घराक हातभार लागलो, तर मुंबयत रवया. नाय लागलो, तर मीच सामान बांधतंय.”

म्हणजे एका घराचं मुंबईत राहणं न राहणं माझ्या टोकाला टांगलेलं होतं. मला तर घामच फुटला असता.

रोज सकाळी आम्ही वरळीच्या खडकांवर जात असू. भरतीचं पाणी मऊमऊ वर येई. गुणाजी मला मागे नेऊन असा झोक देई, की शिसं आणि कोळंबी घेऊन तंगूस, म्हणजे नायलॉनचा तो पारदर्शक दोर, लांब सूं करत जाई. मग तो अर्धे डोळे मिटून बसे. दूर कुठे काही वाजलं की चटकन मान वळवी. त्याला अजून गिरणीच्या भोंग्याची आस होती. कधी शिंगाळा लागे, कधी बोय. घरात कालवण होई, पण विकण्याजोगं काही मिळेना आणि दिवाळी तर जवळ येत चाललेली.

तंगूस आखूड पडू लागला, तेव्हा गुणाजीनं नवा तुकडा जोडला. साच्यावर सूत तुटलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारत असे. तीच गाठ त्यानं मारली आणि ऐटीत उत्तमला दाखवली. “वीस वर्षांत एकदा सुटली नाय ही!”

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी जिताडा लागला, बाजारात मोठा भाव मिळणारा मासा. आहाहा, काय तो ओढा! मी टोकापासून मुठीपर्यंत वाकले. एवढी वाकले, की मला वाटलं, समुद्रच माझ्याशी बोलतोय. खडकापासून हातभर अंतरावर त्याचं चंदेरी अंग चमकलं. उत्तम पाण्यात उतरला. आणि एकाएकी मी सरळ झाले.

तंगूस तुटला नव्हता. गुणाजीनं तंगुसाचं टोक हातात धरून पाहिलं. ते गुळगुळीत, अख्खं होतं. गाठ सुटली होती. उत्तम हसायला गेला आणि गुणाजीचा चेहरा पाहून पाण्यातून वर आला. संप सुरू झाल्यापासून जो माणूस रडला नव्हता, तो त्या खडकावर बसून लहान मुलासारखा रडला. “हातात एवढंच होतं रे माझ्या,” तो म्हणाला.

 त्या संध्याकाळी रखमानं माळ्यावरून ट्रंक काढली आणि ती कपडे भरू लागली.

दुसऱ्या दिवशी उत्तम स्वतःच चाळीत आला. “गुणाजी, तुझी गाठ खोटी नाय. पण ती सुताची आहे. सूत सुताला धरून ठेवतं, तंगूस निसरडा. त्याला वेढे लागतात. बस इथं.” दोन्हीकडून पाच-पाच वेढे, थुंकीनं ओलं करायचं, हळूहळू आवळायचं. चाळिशीचा गुणाजी पहिलीतल्या पोरासारखा दुपारभर तेच गिरवत बसला. बोटं चुकत होती, तोंडातून शिव्या जात होत्या, पण उठला नाही. ट्रंक भरता भरता रखमा मधूनच त्याच्या बोटांकडे बघत होती.

नरकचतुर्दशीला सकाळी फटाके वाजत होते आणि आम्ही खडकावर होतो. परवाचा जिताडा नव्हता, पण चांगला दीड हाताचा रावस होता. खूप झुंजला. गाठ कड्यांतून टकटक करत आत आली, पण सुटली नाही. रखमानं दारातच मासा पाहिला. पाटी उचलून ती विकायला निघाली, चार पावलं जाऊन परत फिरली आणि ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. मित्रांनो, त्या दिवशी मला आनंदानं नाचावंसं वाटलं!

भोंगा पुन्हा वाजला नाही. गुणाजी मात्र राहिला. गरवणारे लोक आपल्या मोडक्या काठ्या त्याच्याकडे आणू लागले, कारण काठीवर कडं बांधतात ते सुतानंच. त्या सुताला शेवटी लागे ती त्याची साच्यावरची गाठ. एकदा चाळीच्या दारात माझं एक कडं चेंगरलं. तेव्हा शेवटच्या पाळीला खिशात राहिलेलं गिरणीचं सूत त्यानं मला गुंडाळलं आणि वर वॉर्निशचा हात दिला. ते सूत आजही माझ्या अंगावर आहे. गिरणी पाडली, तिथे काचेची इमारत आली, गुणाजी गेला, रखमा गेली. मी माळ्यावर धूळ खात राहिले. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याची आंघोळ घालणारं कुणी उरलं नाही.

आता चाळ रिकामी होतेय. म्हणून मी या ढिगावर. आत्ताच गुणाजीची मुलगी कौसल्या इथून गेली. लहानपणी ती त्याच्या मांडीशी बसून काठ्यांची दुरुस्ती बघायची. भंगारवाल्याला “सगळं ने” म्हणाली. काळजात चर्र झालं माझ्या.

मित्रांनो, वस्तू घेताना चमक बघू नका, कापूस फिरवून बघा. आणि घेतलीत की तिला विसरू नका. आम्हाला बोलता येत नाही, एवढंच.

थांबा. पावलं वाजली. कौसल्या परत आलीय. तिनं मला उचललंय, तिचं बोट वडिलांच्या त्या गाठीवर थांबलंय. भंगारवाला म्हणतोय, “ताई, वो भी देनेका ना?”  देवघराच्या डब्यातून तिनं कापूस आणलाय आणि एकेका कड्यातून फिरवतेय. पहिलं, दुसरं, तिसरं... टोकाच्या कड्याला कापूस अडकला.

“एकच फुटलंय,” ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून त्या ढिगात सूत शोधू लागली.