भुशातली बुरशी

वासंतीबाई स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. लोणच्यावर जरा बुरशी दिसली की बरणीसकट बाहेर. अशा बाईच्या पोटी चंदन आला आणि पूनम सागर सोसायटीतल्या दोन खोल्यांत त्यानं पाळावं काय, तर बुरशीच! वखारीतला भुसा उकडायचा, पिशव्यांत भरायचा, त्यात बुरशी सोडून गॅलरीत टांगायचा.

"आई, लाकडाला टणक करणारं लिग्निन ही खाते. भुशाचे ढीग जाळायला नकोत, खत होईल त्याचं."

"लोकांची पोरं कुत्री पाळतात," वासंतीबाई म्हणायच्या.

मग घोडबंदर रोडवर एका ट्रकनं त्याची स्कूटर उडवली. घर बसलंच.

दिवसकार्य उरकल्यावर त्याच्याबरोबर काम करणारी रसिका आली. "काकू, लॅबमधली त्याची बुरशी खराब झाली. आता जिवंत आहे ती फक्त या पिशव्यांत. तिकडची सोय झाली की मी न्यायला येते. तोवर रोज पाणी शिंपडाल?"

शिंपडाल काय, त्या बाईला जगायला निमित्त मिळालं. पांढरी जाळी जरा पुढे सरकली की नवऱ्याला, हरिश्चंद्ररावांना, ओढत गॅलरीत न्यायच्या. "बघा, वाढतंय." ते बिचारे चष्मा पुसत बसायचे.

पुढे पिशव्यांवर चिलटं घोंघावायला लागली. वासंतीबाईंचा जीव खालीवर. पण वर्षाचे तांदूळ कीड लागू न देता सांभाळणारी बाई ती, तिला काय उपाय ठाऊक नाही? तांदळाला चोळायची बोरिक पावडर काढली आणि पिशवी-पिशवीत सढळ हातानं घातली. चिलटं गेली. जाळी वाढायची थांबली, तर म्हणाल्या, थंडीचे दिवस आहेत, वाढेल सावकाश.

रसिका आली तेव्हा जाळी सुकून गेली होती. चिमटीत भुसा घेऊन तिनं विचारलं, "काकू, यात काय घातलंत?"

वासंतीबाईंनी कौतुकानं सांगितलं. पोरीनं चिमटीतला भुसा हळूच पिशवीत परत टाकला.

"बोल की गं."

"काकू, लाकूड कुजू नये म्हणून बोरिकच लावतात. त्यानं बुरशी मरते."

"पुन्हा नाही यायची? मी पाणी घालीन. नीट घालीन."

रसिकाला खोटं बोलता येईना. तिनं नकारार्थी मान हलवली.

वासंतीबाई पिशवी मांडीवर घेऊन खालीच बसल्या. "त्या ट्रकवाल्याला मी रोज शाप देते गं," त्या म्हणाल्या. "आता हा कुणाला देऊ?"