सुखराम महाराजांचा जिवंत रस

दुर्गच्या बाजारामागे माणसावर माणूस चढला होता. सुखराम महाराज लाकडी पेटीतल्या बर्फातून बाटली काढत, पेल्यात तांबूस रस ओतत आणि वरून ‘गंगाजल’ सोडत. फस्सकन फेस आला की जयजयकार!

"हिमालयाची बूटी हाये, मायबाई! बर्फात हिचा प्राण टिकते. रस उसळला, रोगी वाचला!"

कांताच्या कडेवर तापानं फणफणलेली हिरा होती. तिच्या नावाचा पेला मात्र ढिम्म राहिला.

"प्राण अडकला," महाराज पुटपुटले. "उद्या पूजा करा लागन. अस्पतालात नेलं, त पोरगी गेली समजा."

भिलाईच्या कारखान्यात उंच लोखंडावर बिनधास्त चढणारा कांताचा नवरा पुंडलिक इथं पार गळाला. कांताचं मात्र डोकं तडकलं. हिराचा रस पेटीतल्या दुसऱ्याच बाटलीतला होता, जरा फिकाही होता. आणि तो फेस! पुंडलिकचा हात कापला, तेव्हा दवाखान्यातलं औषध जखमेवर अस्संच फसफसलं होतं.

"मले हा बुवा खरा वाटून नाही राहिला."

"चूप! पोरीच्या जिवावर येईन," म्हणत पुंडलिक हिराला घेऊन घरी गेला. कांतानं तडक दवाखाना गाठला.

सकाळी पुंडलिक हिराला घेऊन पूजेला आला, तशा कांतासोबत डॉक्टर विजयाही तिथं आल्या. बोकडाची कलेजी वाटून, गाळून, बर्फात ठेवलेला रस त्यांनी पेल्यात ओतला आणि त्यावर जखम धुवायचं औषध सोडलं. फेस काठावर आला. उरलेला रस चहाच्या टपरीवर उकळून, गाळून, गार केला. आता औषध ओतलं तर पेला ढिम्म.

"पेशी फोडल्या तरी आतले पदार्थ काही काळ काम करतात, त्यांच्यामुळंच हा फेस येतो. थंडीत टिकतात, उकळलं की संपतात. परदेशात शास्त्रज्ञ पेशी फोडून काढलेल्या असल्याच रसात प्रथिनं तयार करताहेत. पण तो पाजून ते कुणाचा ताप उतरवत नाहीत!"

"मंग हिराचा पेला?" पुंडलिकनं विचारलं.

"उकळलेला. तू घाबरून पूजा करावीस म्हणून."

पुंडलिकनं पेटीतल्या दोन्ही बाटल्या काढल्या. "टाका बरं, महाराज, आपलं गंगाजल." महाराज जागचे हलले नाहीत. पुंडलिकनं स्वतःच ओतलं. एक फसफसली, दुसरी गप्प. त्यानं हिराला उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटला.

टायफॉइड निघाला. औषधं लागू पडली, पोर उठली.

पुढं कुणी बुवाचं नाव काढलं की कांता म्हणायची, "लेकरू तापलं का पयले डाक्टरकडे न्या. हात जोडाचेच असन त मंग जोडा, पन आंधी इचारा, हे कायनं होऊन राह्यलं?"