चारुदत्तरावांच्या गोळ्या

चारुदत्तराव निवृत्त झाले इंजिनिअर म्हणून, पण परदेशात, हेन्डरसनच्या मराठी मंडळात वावरत डॉक्टरसारखे. दरवर्षी पुण्याहून बॅगेत गोळ्यांची पाकिटं कोंबून आणायचे आणि ज्याचा गुडघा दुखेल त्याच्या हातावर प्रसादासारखी ठेवायचे. विभावरीच्या हा माणूस डोक्यात जायचा.

"इथले डॉक्टर काय, उठसूट पॅनाडॉल, तापाची गोळी!" ते म्हणायचे. "ही दुखण्यावर, ही सुजेवर. चार दिवसांत पळायला लागाल."

तिचा नवरा प्रकाश भुलला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. जीपीने, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरने, व्यायाम सांगितला होता आणि बीपीच्या व लघवीच्या गोळ्या चालू असताना मनाने पेनकिलर घेऊ नका, असं बजावलंही होतं. पण व्यायामाला घाम गाळावा लागतो. गोळीला घोटभर पाणी पुरतं.

"जन्मभर पूल बांधले, आता लोकांचे गुडघे बांधायला निघालेत," विभावरी फणकारायची. तरी रोज पाण्याचा पेला तीच प्रकाशपुढे ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या सुरू झाल्या. लघवी जवळजवळ थांबली, तोंड सुजलं. विभावरीने पाकिटं उचलली आणि त्याला गाडीत घालून कोपऱ्यावरची फार्मसी गाठली. तिथली फार्मासिस्ट सिद्धी नाशिकची, इथेच शिकलेली.

"काकू, नावं वेगळी आहेत, पण दोन्हींत औषध एकच. काका डबल डोस घेतायत. त्यात बीपीची आणि लघवीची गोळी. तिन्ही मिळून किडनीवर येतं. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला न्या."

गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागलं. पाचव्या दिवशी किडनी ताळ्यावर येऊ लागली. त्याच दिवशी चारुदत्तराव भेटायला आले आणि खिशातून नवं पाकीट काढलं.

"ही एकदम नॅचरल आहे हं, वहिनी."

"यात काय आहे?"

"ते... मागे बारीक अक्षरांत आहे."

"वाचा."

त्यांनी पाकीट जवळ धरलं, लांब धरलं. जमेना.

"जे वाचता येत नाही, ते लोकांच्या पोटात घालता?"

"मी चांगल्या हेतूनेच..."

"हेतू ठेवा घरी. कुणाकुणाला वाटल्यात? लावा फोन एकेकाला. माझ्यासमोर."

अकरा जण निघाले. तिसरा फोन मंदाताईंना. "गुडघा छान आहे हो," त्या कौतुकाने म्हणाल्या, "फक्त चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय, आणि चक्कर येते."

फोन स्पीकरवर होता. विभावरीने फोन ओढून घेतला. "मंदाताई, एकही गोळी घेऊ नका. मुलीला सांगा, ताबडतोब हॉस्पिटलला न्यायला."

जठरात अल्सर होऊन रक्त जात होतं. वेळेवर कळलं म्हणून त्या वाचल्या.

उरलेले आठ फोन चारुदत्तरावांनी कापऱ्या आवाजात केले. विभावरीला त्यांची दया आली नाही. स्वतःचीही नाही. सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि तिने टोमण्यांपलीकडे काही केलं नव्हतं.