पहिल्या भांड्यातलं पाणी

स्वयंपाकघरातल्या नळातून तांबडं पाणी आलं, तेव्हा आईने मला हाक मारली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, नळाला काहीतरी झालंय."

बाबा तिच्यापासून दोन हातांवर बसून चष्मा पुसत होते. कान चांगले शाबूत. पण धाकटा गेल्यापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती आणि घरातलं टपाल इकडून तिकडे पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

"बाबा, नळाला काहीतरी झालंय."

"तिला सांग, थोडं वाहू दे. आपोआप निवळेल."

"आई, ते म्हणतायत..."

"ऐकलं. बहिरी नाही मी."

हे असं रोजचं. मी हॉस्पिटलात नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांची भांडणं सोडवायची आणि घरी येऊन ही बिनपगारी ड्युटी. एकदा मी चिडून म्हणालेसुद्धा की तुमच्या दोघांच्या मध्ये मी भिंत म्हणून उभी राहते, म्हणजे निदान पाठ टेकायला तरी उपयोगी पडेन. दोघांपैकी कोणीही हसलं नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर तिसराच खदखदून हसायचा.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. एका सकाळी स्कूटर काढून कामावर गेला, तो परत आला नाही. आई त्यानंतर किती रडली ते सांगण्यात अर्थ नाही. बाबांच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस. समोर काहीही आलं तरी हात स्थिर ठेवायचे, ही सवय हाडात मुरलेली. तेवढंही आईने समजून घेतलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी, घरात माणसं बसलेली असताना, बाबा शिडी लावून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावताना तिला दिसले. "पोटचा पोर गेलाय आणि हा माणूस टाकीत पाणी किती ते बघतोय," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्यांना हाक मारली नाही. वरच्या मजल्यावरची धाकट्याची खोली मला बघवत नाही, असं ती म्हणाली, तर बाबांनी त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. तिला तेही दगडासारखंच वाटलं.

मला भीती एकच होती. ही दोघं अशीच एकमेकांना पाठ करून थकत जातील, आणि एक दिवस दोघांतल्या एकाचं बोलायचं राहूनच जाईल. हॉस्पिटलात मी अशी माणसं रोज बघते. कॉटजवळ उभी राहून, ऐकू न येणाऱ्या कानात महिनोनमहिन्यांचं साठलेलं बोलत असतात.

पण नळ काही निवळेना. आईने माझा पांढरा युनिफॉर्म सकाळच्या पाण्यात भिजवला आणि तो चहात बुडवून काढल्यासारखा निघाला. मग मी पदर खोचला.

आमच्या भागात नळाचं काम एकच माणूस करतो. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून सगळे त्याला पानाकाका म्हणतात. बहुतेक झोपतानाही काढत नसावा. पानाकाकांचा स्वभाव असा की आधी निदान सांगायचं, मग बघायचं. आमच्या हॉस्पिटलात असे दोन डॉक्टर आहेत. "टाकी घाण झाली असणार," ते अंगणातूनच म्हणाले. टाकी उपसली. तळ लख्ख निघाला. "मग बाहेरूनच येतंय," ते म्हणाले. मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी ग्लासभर पाणी उजेडात धरून दाखवलं, जणू ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. स्वच्छ. "मग तुमचा नळच गेलाय," पानाकाका म्हणाले आणि चकचकीत नवा नळ बसवून गेले. दुसऱ्या सकाळी त्यातूनही तांबडंच पाणी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

या सगळ्यात बाबा गप्प होते. नळ थेंबथेंब गळला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. टाकी रात्रीतून रिकामी होईल या धास्तीने रोज झोपताना टाकीचा वॉल बंद करणारा आणि सकाळी उघडणारा. धाकटा दाढी करताना नळ सोडून ठेवायचा, तर खालून ओरडायचे, "पाणी काय बापाचं आहे का?" आणि वरून उत्तर यायचं, "बापाचंच आहे!" तेच बाबा आता म्हणत होते, "कशाला एवढा शोध? थोड्या वेळाने येतंय ना स्वच्छ." मला वाटलं, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. मीही आईच्या बाजूला झुकायला लागले होते.

शेवटी मी माझ्या पद्धतीने तपासलं. जखमेतून काय येतंय ते आम्ही ड्रेसिंग बघून ओळखतो. हॉस्पिटलातून जखमेवर बांधायचा गॉज आणला आणि रात्री घरातल्या प्रत्येक नळाच्या तोंडाला बांधला: स्वयंपाकघर, खालची मोरी, अंगण. सकाळी मोरीतला पांढरा, अंगणातला पांढरा. स्वयंपाकघरातला मात्र पहिल्या भांड्यालाच वाळल्या रक्तासारखा झाला. दुसरा गॉज बांधला, तर तो जवळजवळ कोरा. म्हणजे घाण टाकीत नव्हती, बाहेर नव्हती, नळात नव्हती. रात्रभर कुठेतरी थांबून ती सकाळी पहिल्या भांड्यात उतरत होती.

गॉज बघून पानाकाकांनी प्रथमच घाई केली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरून वर जाणाऱ्या लोखंडी पाइपवर पान्याने टकटक करत ते मान वर करून उभे राहिले.

"हा कुठे जातो?"

आत आईची विळी थांबली.

"वरच्या खोलीच्या बाथरूमला," बाबा म्हणाले. "बंद असते."

"मग बरोबर. वापर नाही, पाणी साचून राहतं, आतून गंज धरतो," पानाकाका म्हणाले. "पण नुसतं साचलेलं पाणी असं खाली येत नाही. तुम्ही रात्री टाकीचा वॉल बंद करता ना? तो बंद असताना वरचा नळ उघडला की आत हवा शिरते, आणि खालचा पहिला नळ सोडला की तुंबलेलं सगळं खाली येतं." त्यांनी पाना परत कमरेला खोचला. "वरचा नळ कोणीतरी उघडतंय. रोज."

मला ते लगेच पटलं. सलाइनच्या बाटलीत हवा शिरायला सुई टोचल्याशिवाय थेंब पडत नाही, तसंच.

"कोण उघडणार?" आई दारात येऊन म्हणाली. "कुलूप आहे तिथे. ती खोली मला..." आणि ती थांबली, कारण बाबांचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता.

"मी बघून येतो," बाबा म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मी मागोमाग गेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आईला ती खोली बघवत नाही म्हणून मीही तिथे पाय ठेवला नव्हता, आणि हे तिथे जाऊन नळ सोडत होते.

खोलीत धूळ होती. पलंगावर, टेबलावर, खुंटीवरच्या शर्टाच्या खांद्यांवर. दारापासून बाथरूमपर्यंत मात्र फरशी पायांनी पुसली गेलेली. बेसिनमध्ये नळाखाली तांबडा ओघळ होता. वर आरशाजवळच्या पेल्यात धाकट्याचा निळा टूथब्रश उभा होता. मी हात लावला. ओला होता.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"कोरडा पडला होता गं," ते म्हणाले. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर आलो, सहज. ब्रश कोरडा ठणठणीत. वर्षानुवर्षं मी सकाळी इथेच दाढी करायचो, हा ब्रश त्या वेळी कधी कोरडा बघितला नव्हता. मला बघवेना. म्हटलं, एवढा ओला करावा. नळ सोडला तर पाणीच नाही. घरात इतकी माणसं, टाकी संपली होती. म्हणून शिडी लावली."

मी कोपऱ्यातल्या जुन्या सिमेंटच्या हौदाच्या काठावर बसले.

"आणि मग?"

"मग रोज. वॉल उघडायला उठतोच मी. आधी इथे येतो. पाइपात थोडं उरलेलं असतं, तेवढं पुरतं. पाणी खराब का येतंय ते पहिल्या दिवशीच कळलं मला. पण सांगितलं असतं तर तुम्ही हे बंद केलं असतंत. तिला सांगू नकोस. तिला वाटेल, म्हातारा खुळावला."

ती जिन्यात उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. ज्याला ती दगड दगड म्हणत आली होती, त्याच्यातलं हे पाणी तिने उभ्याने ऐकलं होतं. ती आत आली. पलंगाकडे बघितलं नाही, शर्टाकडे बघितलं नाही, सरळ बेसिनपाशी गेली.

इथे मला आमचं लहानपण सांगायला हवं. दात घासायचा धाकट्याला भारी कंटाळा. नुसता ब्रश ओला करून ठेवायचा आणि मिटक्या मारत खाली यायचा. बाबा शेजारीच आरशासमोर गालाला फेस लावून उभे असायचे, सगळं बघायचे आणि चकार शब्द काढायचे नाहीत. दोघांची मिलीभगत. मग आई वर जायची, ब्रशवरून अंगठा फिरवायची, नाकाशी धरायची. पेस्टचा वास नाही. की तिथूनच ओरडायची, "नुसता ओला केलाय, लबाडा!" आणि बाबांना इतकं हसू यायचं की हनुवटीला ब्लेड लागायचं.

आईने पेल्यातून ब्रश उचलला. त्याच्या केसांवरून सावकाश अंगठा फिरवला. नाकाशी धरला.

"नुसता ओला केलाय," ती म्हणाली.

बाबांनी बेसिन दोन्ही हातांनी धरलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग आवाज फुटला. मी हॉस्पिटलात पुष्कळ माणसं रडताना बघितली आहेत. इतक्या उशिरा रडणारं बघितलं नव्हतं. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, दुसऱ्या हातात ब्रश. ती त्यांना गप्प बस म्हणाली नाही.

खाली पानाकाका पायरीवर बसून होते. बऱ्याच वेळाने आम्ही उतरलो. आईने त्यांना विचारलं, "रोज वापरला तर नाही का राहणार तो पाइप?"

त्यांनी पाइपला मुठीने धरून जरा पिळलं. गंजाचे पापुद्रे त्यांच्या तळहातावर आले. "राहिला असता, ताई. आता सडलाय. आज ना उद्या फुटेल आणि भिंत घेऊन जाईल. तोडावाच लागेल."

आईने मान हलवली. पाइप तोडला, तोंडाला बूच बसवलं. वरच्या नळाला आता पाणी येणार नव्हतं. कामभर बाबा अंगणात पाठ करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. आईने चहाचं भांडं नळाखाली धरलं होतं. पहिलंच पाणी, आणि तळावरची ठोक्याची खूण दिसेल इतकं स्वच्छ. बाबा त्यांच्या नेहमीच्या वेळी उठले होते. वॉल उघडून झाला होता. आता पुढे कुठे जायचं ते न कळून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हात खिशातल्या किल्लीवर. मला वाटलं, आई आता माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, तुझ्या बाबांना सांग.

तिने भांडं बाजूला ठेवलं. एक पेला घेतला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"हे घ्या," ती त्यांना म्हणाली. "वर ब्रश कोरडा पडला असेल."