पाहणीसाठी सजलेला वॉर्ड

पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला सगळं हॉस्पिटल पाठीमागे 'इस्त्री' म्हणायचं. चादरीला एक सुरकुती दिसली की हिचा जीव वरखाली. कामाला वाघीण, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही.

अलीकडे मात्र तिच्याही नाकी नऊ आले होते. वॉर्ड गच्च भरलेला आणि पाळीला नर्सेस दोनच. एकाचं सलाइन बदलावं, तर दुसरीकडे कुणीतरी ओकायचं. खिडकीजवळच्या आजोबांना अर्धांगवायू झालेला. त्यांना दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला दोघी लागतात, आणि दोघी एका वेळी मोकळ्या होणार कधी? त्यांची पाठ लाल होत चालली होती. आजोबांच्या उशाशी बसलेल्या आजी विचारायच्या, "बाई, वळवता ना यांना?" इस्त्री भलतीकडेच बघत "हो" म्हणायची, आणि घरी गेल्यावर तो होकार तिला घास गिळू द्यायचा नाही.

मेट्रनबाईंच्या हात धुऊन मागे लागून तिने शेवटी वरच्या ऑफिसातून पाहणी मंजूर करून घेतली. नर्सेसचं काम कशानं अडतं, ते बघायला एक साहेब आणि एक मॅडम येणार होत्या. त्यांना पटलं तर वॉर्डला आणखी एक नर्स मिळणार होती. एकच, पण तेवढ्यानंही आजोबांची पाठ वाचली असती.

"ताई, काही म्हणजे काही आवरायचं नाही," हाताखालची नर्स म्हणाली. तिच्या वेगामुळे तिला सगळे तुफान म्हणत. "आपली रोजची तारांबळ बघू देत त्यांना."

"बरोबर आहे गं तुझं," इस्त्री म्हणाली. पटलंच होतं तिला.

पण आदल्या संध्याकाळी निघताना तिने वॉर्डवर नजर टाकली. उशीवर डाग, अस्ताव्यस्त ट्रॉली, भरलेलं लघवीचं भांडं खाटेखाली तसंच. परकी माणसं येऊन हे बघणार? 'इन्चार्ज कोण' म्हणून विचारणार? काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, तिने सुट्टीवरच्या नर्सेसना फोन लावले. "या गं थोडा वेळ. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे." बिचाऱ्या आल्या. एक तर तापलेलं पोर शेजारणीच्या गळ्यात मारून आली.

पाहणीच्या दिवशी वॉर्ड असा चकाचक की बघत राहावं. आजोबांना दोघींनी अलगद वळवलं. कुणी कण्हायच्या आत नर्स हजर. तुफान मात्र तोंड फुगवून उभी होती.

"तुमची अडचण काय?" मॅडमनी विचारलं.

"माणसं फार कमी पडतात हो," इस्त्री म्हणाली. तिच्या मागे कडक गणवेशातल्या नर्सेसची रांग उभी होती. मॅडम त्या रांगेकडे बघून नुसत्या हसल्या.

आठवड्याभरात मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. "अभिनंदन! तुमचा वॉर्ड सगळ्यांत उत्तम ठरला. पण तुमच्याकडे माणसं जास्त आहेत म्हणतात. तुफानला लहान मुलांच्या वॉर्डात द्यायचंय."

इस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. लाज गिळून तिने सगळं सांगून टाकलं. "मेट्रनबाई, त्या नर्सेस सुट्टीवरच्या होत्या. मीच बोलावल्या. रोजचा वॉर्ड तसा नसतो."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मनात आणलं की जमतं तुम्हाला."

"तसं नाही हो..."

"मग रोज मनात आणत जा."

तुफानने जाताना चार शब्द सुनावले असते, तर इस्त्रीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली नर्स एका पेशंटला तपासणीसाठी खाली घेऊन गेली आणि इस्त्री आजोबांच्या खाटेशी एकटीच उरली. आजी हरखून सांगू लागल्या, "त्या दिवशी किती मायेनं केलंत हो यांचं! ते साहेब परत कधी येणार?"

इस्त्रीला स्वतःचाच संताप आला. "आजी, तुम्ही तिकडून धरता का जरा?"

आजींनी पदर खोचला. दोघींनी मिळून आजोबांना कसंबसं कुशीवर वळवलं.

पाठीवरची कातडी फुटली होती.