घडीखालचा फोटो

"खाले कोन देखस, भाऊ? वर लावा ना!" शेवंताबाई चौथ्यांदा म्हणाल्या.

गिरधरच्या हातात मोठ्या भावाच्या फोटोचा, छपाईचा ब्लॉक होता. पंडितनाना चार दिवसांपूर्वी आपल्या गावी, साक्रीला, एसटीत बसले आणि कुठे उतरले, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. वर्षभरात त्यांना स्वतःचं नावही आठवेनासं झालं होतं. शेवंतावहिनी सकाळीच धुळ्याला येऊन छापखान्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

गिरधर वीस वर्षं या सांजदैनिकाचं पहिलं पान लावत होता. स्टॉलवर पेपर घडी घालून मांडतात. स्टँडवरचं निम्मं धुळं तेवढी वरची बाजू फुकटात वाचून बसमध्ये चढतं. तिथे जागा मिळावी म्हणून भलेभले गिरधरला चहा पाजत. हा बाबा चहा पिऊन मोकळा व्हायचा. हरवलेल्यांचे फोटो घडीखाली, हा त्याचा नियम.

"गिरधर, घरचं माणूस आहे. घे वर," संपादक म्हणाले.

"गेल्या साली धुरपदाबाई इथेच रडत बसली होती, साहेब. तिच्या पोराचा फोटो मी खालीच लावला."

ब्लॉक खालीच बसला. वहिनींनी तोंड फिरवलं. गिरधरने पान बदललं नाही.

तीनला पेपर निघाला. वहिनींना घेऊन तो गठ्ठ्यामागोमाग स्टँडवर, छगनच्या स्टॉलवर गेला आणि एकेक पेपर उलटा मांडू लागला. बातम्या खाली, फोटो वर.

"हाई काय करी ऱ्हायनात? उलटा पेपर कोन लई?" छगन खेकसला.

"हाऊ मन्हा मोठा भाऊ शे."

छगनने उरलेला गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. चाळीसगाव, शिरपूर, साक्री, गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला गिरधर फोटोवर बोट ठेवून ज्याला त्याला विचारत होता, "यांना कुठे पाहिलंत का?" लोक थांबत, वाकून बघत, मान हलवत. आधी त्याला लाज वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

दिवेलागणीला एकच पेपर उरला. एका गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले.

"हाऊ इकाना नही," छगन म्हणाला आणि त्याने तो पेपर, फोटो समोर येईल असा, दोरीला टांगला. "उद्या बी आठेच, या दोरीवर ऱ्हाई."

साक्रीची शेवटची गाडी लागली. चढण्याआधी शेवंताबाई त्या फोटोसमोर थांबल्या आणि नाना समोरच उभे असावेत तसा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.